जेनोवा पाठ असलेले काका

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो, त्या गृहस्थांना सगळं जग पाठ होतं. ‘पाठ’ हा शब्द मी जपून वापरते आहे. त्यांनी जग पाहिलं होतं असं मी म्हणणार नाही.

वॉशिंग मशीन तळघरात होतं, त्यामुळे कपड्यांची बादली घेऊन मला त्यांच्या राज्यात उतरावं लागायचं. तिथे भिंतीवर भलामोठा टीव्ही आणि त्याच्यासमोर ट्रेडमिल. टीव्हीला कॉम्प्युटर जोडलेला. इंटरनेटवर जगातल्या रस्त्यांचे जे फोटो असतात, एकेक पाऊल पुढे सरकत बघता येणारे, ते लावून काका रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात चालायचे. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, डोक्यावर टोपी. तळघरात ऊन येत नाही, पण टोपी असायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, “हे काय काका?”

“लिस्बन,” ते पट्टा न थांबवता म्हणाले. “आता उजव्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान येईल बघ.”

औषधांचं दुकान आलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू ते दुकान त्यांनीच तिथे नेऊन ठेवलं होतं.

असं चार-सहा महिने एखादं शहर चालून झालं की मग ते काकूंना घेऊन प्रत्यक्ष त्या शहरात जायचे. पाहायला नव्हे, तपासायला. लिस्बनहून परत आले तेव्हा मी सहज विचारलं, “कशी झाली ट्रिप?” तर म्हणाले, “ते औषधांचं दुकान काढून टाकलंय. फोनचं दुकान केलंय तिथे. पद्धत नाही लोकांना.” एवढंच. नदी, ट्राम, टेकडीवरची घरं, कशाबद्दल अवाक्षर नाही. तीन हजार मैल उडून गेलेल्या माणसाकडे एका दुकानाची तक्रार होती.

‘पद्धत’ हा त्यांचा लाडका शब्द. “पद्धत असते एक,” असं म्हणून ते कुठल्याही गोष्टीत नाक खुपसायचे. न्यू जर्सीत चाळीस वर्षं पंपांच्या कंपनीत काढली होती आणि माणसंही पंपासारखीच चालावीत अशी त्यांची अपेक्षा होती. घरभर लॅमिनेट केलेल्या सूचना. चपला कुठे, कचऱ्याचा डबा कुठल्या तोंडाने, बर्फ काढायचं फावडं कुठल्या खिळ्याला. एक सूचना तर त्या सूचना पुसायच्या कशा याबद्दल होती.

हीटिंगच्या बटणांवर त्यांनी प्लास्टिकची पेटी बसवली होती आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची. जानेवारीत तिचे पाय बर्फासारखे गार पडायला लागले म्हणून मी खाली जाऊन सांगितलं. ते थर्मामीटर घेऊन वर आले. भिंतीला टांगला. घड्याळ लावून दहा मिनिटं त्याच्यासमोर उभे राहिले. बाळ रडत होतं, त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

“अडुसष्ट फॅरनहाइट आहे,” ते म्हणाले. “तुला थंडी वाजत नाहीये. वाजतेय असं वाटतंय.”

आणि थर्मामीटर घेऊन खाली गेले. अर्ध्या तासाने काकू एक गोधडी घेऊन वर आल्या, बाळाच्या पायांवर घातली आणि गेल्या. त्या दिवसापासून मी काकांचा मनापासून तिरस्कार करायला लागले. हे उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

काकूंबद्दल इथेच सांगायला हवं. त्या गावच्या लायब्ररीत लहान मुलांच्या विभागात वीस वर्षं काम करत होत्या. मी मुलीला तिकडे घेऊन जायला लागले तेव्हा मला वेगळीच बाई दिसली. छातीवर नावाची पट्टी, आणि पाच-पाच वर्षांची पोरं नावाने हाका मारत त्यांच्यामागे फिरतायत. त्या हसायच्या, गोष्ट वाचताना आवाज बदलायच्या, बिघडलेला प्रिंटर दोन मिनिटांत ठीक करायच्या. संध्याकाळी घरी आल्या की जिन्याखालून आवाज यायचा, “अगं, मीठ.” किंवा “अगं, चष्मा.” दोन वर्षांत काकांच्या तोंडून त्यांचं नाव मी ऐकलं नाही. आमची लीज संपली, आम्ही जवळच टाउनहाउस घेतलं, तरी काकूंशी संबंध राहिला. काकांशीही राहिला, पण तो सर्दीसारखा.

दोन वर्षांपूर्वी मराठी मंडळातल्या काही कुटुंबांनी मिळून भूमध्य समुद्रातली क्रूझ ठरवली. बार्सिलोनाहून निघायचं, सात दिवस, रोज एक बंदर. काका-काकूही होते. काकांनी त्यातलं इटलीचं जेनोवा निवडलं. तिथे बोट सकाळी लागून दुपारी साडेचारला सुटणार होती. तेवढ्या वेळासाठी काकांनी तळघरात पाच महिने जेनोवा चालून काढलं होतं. आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांना कागद वाटले. नऊ वाजून दहा मिनिटांनी धक्का, नऊ बावीसला अमुक चौक, नऊ एकतीसला तमुक पुतळा. शेवटी एक सूचना: मागे राहणाऱ्यासाठी थांबलं जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकी सगळ्यांना अचानक इतर कामं निघाली. कुणी बसची टूर घेतली, कुणाला बोटीवरच्या स्विमिंग पूलची आठवण झाली. माझ्या नवऱ्याने मुलीला मत्स्यालय दाखवायचं कबूल केलं. ती तेव्हा अकरा वर्षांची. “आय अॅम नॉट वॉकिंग विथ दॅट मॅन,” असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. मीही तिकडेच जाणार होते. पण नाश्त्याच्या रांगेत काकू माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “तू चल ना गं आमच्याबरोबर. कोणी असलं की ते कमी बोलतात मला.”

मग काय करणार. गेले.

जेनोवाच्या धक्क्यावरून बाहेर पडलं की समोर शहर डोंगरावर चढत गेलेलं दिसतं. पिवळी, तांबूस, विटकरी घरं, एकाच्या खांद्यावर दुसरं उभं. समुद्राचा आणि भाजलेल्या पावाचा वास एकत्र येत होता. काकू थांबल्या आणि वर बघत राहिल्या.

“नऊ चौदा झाले,” काका म्हणाले.

पहिला अर्धा तास त्यांचाच होता, हे मान्य करायला हवं. ते म्हणाले की वळणावर कमान येईल, तर आली. म्हणाले तिसऱ्या घराला हिरवं दार, तर हिरवं दार. प्रत्येक वेळी ते आमच्याकडे वळून बघायचे आणि बोटाने कागदावर खूण करायचे. शहराकडे मात्र ते खूण पटण्यापुरतंच बघत. एका मोठ्या राजवाड्याचं दार उघडं होतं. आत संगमरवरी चौक, लिंबांची झाडं, वर नक्षीचे सज्जे. काकू उंबऱ्याशी गेल्या.

“अगं, ते आपल्यात नाहीये,” काका ओरडले.

“दोन मिनिटं बघते.”

“आत जायचं असतं तर मी लिहिलं नसतं का?”

काकू परत आल्या. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. चढावर त्या एक हात भिंतीला लावून चालत होत्या. मी त्यांच्या बरोबरीने चालायला लागले, तर काका मला म्हणाले, “तू तिला सवय लावू नकोस.”

मी गप्प बसले. पुढेही पुष्कळदा गप्प बसले. हे माझ्या खात्यावर आहे.

साडेदहाच्या सुमाराला त्यांच्या पाठ केलेल्या शहराला पहिला तडा गेला. ज्या रस्त्याने वर जायचं होतं तो दुरुस्तीसाठी बंद होता. परांची बांधलेली, पुढे लाल-पांढरी पट्टी. कुणीही शेजारच्या रस्त्याने गेलं असतं. काका पट्टीसमोर उभे राहून कागद आणि रस्ता आलटून पालटून बघत राहिले. मग तिथल्या एका कामगाराला इंग्रजीत सांगायला लागले, की हा रस्ता फेब्रुवारीत उघडा होता. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. तो हसला, त्याने हाताने डावीकडची गल्ली दाखवली.

त्या शहराच्या जुन्या भागातल्या गल्ल्या अशा आहेत की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. वर सहा-सात मजले, मध्ये आकाशाची एक पट्टी. गल्लीतून गल्ली फुटते, तिला जिना, जिन्याला पुन्हा गल्ली. आम्ही आत शिरलो आणि दहाव्या पावलाला मला कळलं की काका काहीच बोलत नाहीयेत. मग माझ्या लक्षात आलं. रस्त्यांचे ते फोटो गाडीवर कॅमेरा लावून काढतात. या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही. पाच महिने चाललेल्या माणसाने या गल्ल्यांतलं एक पाऊलही पाहिलेलं नव्हतं.

मला आनंद झाला. अगदी हलका, स्वच्छ आनंद.

त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. ज्याला रस्ता माहीत नसतो आणि ते कबूल करायचं नसतं, तो असाच चालतो. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा त्याच मासळीच्या दुकानासमोर. तिसऱ्यांदा ते दुकान आल्यावर काकू थांबल्या.

“मला बसायचंय जरा. गुडघा चालत नाहीये.”

“तुझ्यामुळे बावीस मिनिटं गेलीत,” काका म्हणाले. “सकाळपासून बघतोय. तुला आणायचंच नव्हतं खरं तर.”

हे ते मोठ्याने म्हणाले. मासेवाल्याने सुरी थांबवून पाहिलं. भाषा कळली नसेल, पण सूर कळला असणार.

काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे.”

आणि ते झाले. कोपऱ्यावरून वळले, बुटांचा आवाज ऐकू यायचा थांबला.

आम्ही जरा चालून एका बेकरीपाशी आलो. आत दोनच टेबलं, एक खिडकीशी. लाकडाच्या भट्टीतून एक म्हातारी तांब्याचं परातीएवढं ताट बाहेर काढत होती, त्यात पिवळाधमक पातळ थर. तिने दोन तुकडे कापून दिले. काकूंनी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“अगं, हे बेसन आहे.”

खरंच होतं. हरभऱ्याचं पीठ, तेल, मीठ, वर मिरपूड. पिठल्याची वडी भट्टीत भाजावी तसं. काकूंनी म्हातारीला खुणांनी विचारलं, किती वेळ भिजवता. म्हातारीने गाल हातावर टेकवून झोपल्याची खूण केली, म्हणजे रात्रभर. दोघी हसल्या. काकूंनी आणखी दोन तुकडे मागवले, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला, आणि लायब्ररीत असायच्या तशा दिसायला लागल्या.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला काका दिसले.

कागद हातात चुरगळलेला, टोपी मागे सरकलेली. डावीकडून उजवीकडे गेले. थोड्या वेळाने उजवीकडून डावीकडे. ते आता कुठला पुतळा शोधत नव्हते. ते हाका मारत होते.

“अगं,” त्या उंच भिंतींमधून आवाज येत होता. “अगं ए. अगं.”

एक बाई पिशवी सांभाळत त्यांच्या बाजूने गेली. दोन पर्यटकांनी वळून पाहिलं. मी खुर्चीवरून उठले. काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“बस.”

“काकू, ते शोधतायत तुम्हाला.”

“माहितीय. अगंला शोधतायत.” त्यांनी ताटलीकडे बघितलं. “नावाने हाक मारली तर उठेन.”

मी बसले. आम्ही दोघी ऐकत राहिलो. तिसऱ्यांदा ते गल्लीच्या तोंडाशी आले, थांबले, थेट आमच्या दिशेला बघितलं. खिडकीच्या काचेवर उजेड होता, त्यांना आम्ही दिसलो नसू. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणतील. ते म्हणाले, “अगं.” आणि गेले. काकू मला म्हणाल्या, “खाऊन घे, गार होईल.”

मी हाक मारू शकत होते. माझ्यावर तर नावाचं बंधन नव्हतं. पण मला चार महिन्यांच्या मुलीचे गार पाय आठवत होते, आणि खरं सांगायचं तर हरवलेले काका बघायला मला बरं वाटत होतं.

दुपारभर आम्ही फिरलो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडाचं मोठं चर्च पाहिलं, तिथे काकू अर्धा तास बसल्या. कुठे वळायचं ते लोकांना विचारत विचारत साडेतीनला धक्क्यावर आलो. गल्ल्यांतून बंदर सापडणं अजिबात अवघड नव्हतं. उतार लागला की खाली जायचं, समुद्र येतोच.

बोटीवर काका नव्हते.

मी नवऱ्याला सांगितलं. तो बोटीच्या डेस्कवर गेला. त्यांनी नाव, खोली, पासपोर्ट विचारला. पासपोर्ट काकांच्या गळ्यातल्या पाकिटात. फोन लावला, तो बंद. परदेशात फोन बंद ठेवायची त्यांची पद्धत. सव्वाचारला डेस्कवरची मुलगी काकूंना म्हणाली, “मॅडम, आम्ही थांबू शकत नाही. तुम्हाला उतरायचं असेल तर आत्ता उतरता येईल.”

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. शिक्षा करणं आणि सोडून जाणं यांतलं अंतर त्यांना त्या क्षणी दिसलं असावं. मलाही दिसलं, आणि माझा सकाळचा आनंद कुठल्या कुठे गेला. सत्तरी ओलांडलेला माणूस, रक्तदाबाची गोळी दुपारी घेणारा.

“मी उतरते तुमच्याबरोबर,” मी म्हटलं.

“नको,” काकू म्हणाल्या. “पासपोर्ट आहे, पैसे आहेत, इंग्रजी येतं. येतील.” मग डेस्कवरच्या मुलीला म्हणाल्या, “आय विल स्टे ऑन द शिप.”

बोट सुटली. त्या कठड्याशी उभ्या राहिल्या, शहर लहान होईपर्यंत. मी शेजारी होते. पाचच्या सुमाराला बंदरावरच्या एजंटचा निरोप आला की काका सापडले आहेत, ठीक आहेत, ट्रेनने पुढच्या बंदरावर येतील. काकू खोलीत गेल्या आणि जेवायला बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लिव्होर्नोच्या धक्क्यावर काका उभे होते. तोच शर्ट, इस्त्री मोडलेली. मी मनात म्हटलं, आता तरी काहीतरी बोलेल हा माणूस. ते काकूंना म्हणाले, “आठ चाळीसला यायला हवी होती बोट. बारा मिनिटं उशीर आहे.”

ऑक्टोबरात मंडळाचा कार्यक्रम होता, नेहमीप्रमाणे शाळेच्या कॅफेटेरियात. त्यात काकांचं अर्ध्या तासाचं प्रवासवर्णन, स्लाइड्ससह. चाळीसेक माणसं. काका पडद्याशेजारी उभे राहून सांगायला लागले, की जेनोवासारखं शहर एका दिवसात बघणं अशक्य हे ओळखून त्यांनी मुद्दाम मुक्काम वाढवला. मुद्दाम. आमच्या क्रूझमधले लोक एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. मी दाबलंही नाही. स्लाइड्स सगळ्या कॉम्प्युटरवरून उचललेल्या. फोटोतल्या माणसांचे चेहरे धूसर केलेले, गाड्यांचे नंबर पुसलेले. एकामागून एक रस्ते, आणि रस्त्यांवर चेहरे नसलेली माणसं.

“या चौकात मी निवांत दोन तास घालवले,” काका म्हणाले.

“नाही,” काकू म्हणाल्या.

त्या तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. उठल्या नाहीत, आवाज चढवला नाही. पण लायब्ररीत गोष्ट वाचणाऱ्या बाईचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो.

“तुम्ही हरवला होतात. गल्लीत हाका मारत फिरत होतात. मी तुम्हाला तीनदा पाहिलं, आणि ओ दिली नाही.”

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी उठावं की बसावं या विचारात खुर्चीचा दांडा धरला. काकांनी हातातलं बटण दाबलं. पुढची स्लाइड आली. रुंद, रिकामा रस्ता, दोन्हीकडे झाडं. ते तिच्याकडे बघत राहिले.

“हा तो रस्ता नव्हे,” ते म्हणाले. पुन्हा बटण दाबलं. दुसरा रस्ता. “हाही नव्हे.” आणखी दोनदा दाबलं. मग आमच्याकडे न बघता, पडद्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, “दोन वाजेपर्यंत शोधली मी हिला. नंतर बंदरच सापडेना. त्या गल्लीचा फोटो मिळत नाही.”

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आपली नऊ मिनिटं शिल्लक आहेत ती पुढच्या कलाकारांना द्यावीत असं सांगितलं आणि आभार मानले. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. ते प्रोजेक्टर बंद करायला गेले, पण बटण सापडत नव्हतं. कुणी उठलं नाही. शेवटी काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, रांगेतून बाहेर पडल्या, पुढे गेल्या. त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि प्रोजेक्टर बंद केला.